धागा: बाबांचा जुना रेडमी नोट ४ पडून आहे, त्यात लिनिएजओएस (अँड्रॉइडवरची बाहेरची सिस्टीम) टाकून बघायचंय, वीट झाली म्हणजे फोन मेला तर परत उठेल का?

खोली_नं_१४
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे सांभाळून घ्या. बाबांनी नवीन फोन घेतला, जुना रेडमी नोट ४ कपाटात पडलाय, स्क्रीन ठणठणीत आहे, बॅटरी मागच्या वर्षीच बदललेली. पण जाम हँग होतो आणि अँड्रॉइड एवढं जुनं झालंय की अर्धी अ‍ॅप्स प्ले स्टोअरला दिसतच नाहीत. आईला स्वयंपाक करताना रेडिओ लागतो, तिला अस्मिता वाहिनी आणि जुनी भावगीतं एवढंच हवंय, म्हटलं यात लिनिएज टाकू आणि भिंतीला स्टँडवर लावून देऊ. घरी वायफाय नाही म्हणजे सिम घालावंच लागणार. आजपर्यंत मी फोनमध्ये काहीही फ्लॅश मारलेलं नाही, म्हणजे आतली सिस्टीम बदलून लिहिलेली नाही, लॅपटॉप आहे विंडोजचा, इंजिनिअरिंगला आहे पण मेकॅनिकलला, हसू नका. फोन मेला तर बाबा बोलणार नाहीत पण बघतील एकदा, ते बोलण्यापेक्षा वाईट. तर सुरुवात कुठून करू?

वडापाव_ओव्हरक्लॉक
सुरुवात बाबांच्या नजरेपासून कर 😂

जुना_ट्रान्झिस्टर
बरा प्रश्न विचारलास, नाहीतर लोक इथे थेट मेलेला फोन घेऊन येतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. फोनमध्ये दोन प्रकारचा माल असतो. एक, जो नेटवर मिळतो: सिस्टीम, बूट, रिकव्हरी, मोडेमचं फर्मवेअर. हे सगळं तुझ्या मॉडेलच्या लाखो फोनमध्ये सेम टू सेम असतं, उडालं तर डाउनलोड करून परत टाकायचं, त्याची भीती बाळगू नकोस. दुसरा, जो जगात फक्त तुझ्याच फोनमध्ये असतो. तुझ्या फोनमध्ये त्याची पार्टिशनं (मेमरीचे वेगळे कप्पे) म्हणजे मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट. पहिल्या तिघांत आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि रेडिओचं म्हणजे नेटवर्कच्या चिपचं कॅलिब्रेशन, पर्सिस्टमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन, डीआरएमच्या चाव्या वगैरे. चारही मिळून काही एमबीचा मामला, पण हे गेलं तर कुठल्याच साइटवर मिळणार नाही कारण ते दुसऱ्या कोणाकडे नाहीच आहे. लोक चार जीबीच्या रॉमचा, म्हणजे आख्ख्या सिस्टीमचा, बॅकअप घेत बसतात आणि हे सोडून देतात.

म्हणून क्रम असा: बूटलोडर (सिस्टीम चालू करून देणारा प्रोग्राम) अनलॉक, मग टीडब्ल्यूआरपी (बाहेरची रिकव्हरी, बॅकअप आणि दुरुस्तीची छोटी सिस्टीम) फ्लॅश न करता नुसती बूट करायची, म्हणजे फोन फास्टबूटमध्ये, लॅपटॉपवरून कमांड घ्यायच्या मोडमध्ये, नेऊन फास्टबूट बूट आणि पुढे इमेजचं नाव. ती रॅममध्ये चालते, फोनवर काही लिहिलं जात नाही, रीबूट केला की गायब. त्यातून या चार पार्टिशनांचा बॅकअप घ्यायचा, बॅकअप फोनच्या बाहेर काढायचा आणि मगच काय ते टाकायचं. एसडी कार्ड असेल तर थेट कार्डावरच घे.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, फोटो वगैरे आधीच काढून घे. बाबांचं गूगल खातंही रीतसर काढ, नाहीतर कधी रिकव्हरीतून रीसेट मारलास की फोन त्यांचाच पासवर्ड मागेल.

डबल_फास्ट_डोंबिवली
+१. आणि ज्या फोनमध्ये यूपीआय, बँक, ओटीपी आहे तो फोन या कामाला कधीच घेऊ नये. नवीन रॉम टाकला की बँकेची अ‍ॅप्स प्ले इंटिग्रिटीच्या (गूगलच्या तपासणीच्या) नावाने तोंड फिरवतात ते वेगळंच. रेल्वे कशी रविवारी मेगाब्लॉक घेऊन रूळ उखडते, सोमवारी सकाळी आठ वाजता नाही उखडत, तसं.

वडापाव_ओव्हरक्लॉक
रविवारी प्रवास करून बघ एकदा, मग मेगाब्लॉकचं उदाहरण दे

माहीमची_मासोळी
रेडमी नोट ४ म्हणून सर्च करताना एक बघ. २०१६ ला चीनमध्ये जो नोट ४ आला तो मीडियाटेक हेलिओ एक्स२० वाला, त्याचं कोडनेम निकेल. आपल्याकडे जानेवारी २०१७ मध्ये आला तो स्नॅपड्रॅगन ६२५ वाला, कोडनेम मिडो. नाव तेच, आतून दोन वेगळे प्राणी. फाइल डाउनलोड करताना मार्केटिंगचं नाव बघायचंच नाही, कोडनेम बघायचं. आणि एरर ७ आली, म्हणजे झिप म्हणाली की हा फोन माझा नाही, तर यूट्यूबवर सांगतात तशी स्क्रिप्टमधली तपासणीची ओळ डिलीट करू नकोस. वॉचमनने अडवलं तर आधी मजला बरोबर आहे का ते बघतात ना, वॉचमनला काढून नाही टाकत.

खोली_नं_१४
मिडोच आहे, मागचा बॉक्स बाबांनी बिलासकट जपून ठेवलाय. (बाबा सगळेच बॉक्स ठेवतात, माळ्यावर मिक्सरचा १९९८ चा बॉक्स आहे.)

कंपनीचं अनलॉकचं टूल टाकलं, कंपनीचं खातं जोडलं, ते म्हणतंय १६८ तास थांबा. हे नॉर्मल आहे?

जुना_ट्रान्झिस्टर
नॉर्मल आहे. सात दिवस. मध्ये खातं काढू नकोस नाहीतर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात डाउनलोडं उरक: कंपनीचा मूळ फास्टबूट रॉम, टीडब्ल्यूआरपी आणि लिनिएज. मूळ रॉम सगळ्यात आधी, परतीचं तिकीट आधी काढायचं. डाउनलोड पानावर एसएचए२५६, म्हणजे फाइलचा ठसा, दिलेला असतो तो जुळवून बघ. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आहे, वेगळं काही टाकायला लागत नाही.

सीएसएमटी_शेवटची
मूळ रॉम टाकताना मीफ्लॅश (कंपनीचं फ्लॅशिंगचं टूल) वापरलास तर खाली उजवीकडे तीन पर्याय असतात, त्यात क्लीन ऑल अँड लॉक हा आधीच निवडलेला येतो. तो बदल!! मी नाही बदलला, बूटलोडर परत लॉक, परत सात दिवस. आणि हे तर नशीब, मूळ रॉम होता म्हणून निदान चालू तरी झाला. बाहेरचा रॉम आत असताना लॉक केला तर फोन बूटच होत नाही, त्याला सहीच ओळखता येत नाही.

माहीमची_मासोळी
आणि नवीन फोनवाले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, कारण धागा सर्चमध्ये येतोच: नोट ४ चा सल्ला तुमच्या फोनला लावू नका. २०१८ पासून, रेडमी नोट ५ प्रोच्या आसपास, अँटी रोलबॅक आलं. फोनच्या आत एक आकडा असतो, त्याच्यापेक्षा खालच्या आकड्याचा रॉम टाकला की फोन सरळ बंद, लाइटसुद्धा नाही. फास्टबूट गेटव्हार अँटी ही कमांड आकडा सांगते, खाली जायच्या आधी बघा. उठवायला मग ईडीएल मोड (चिपचा आणीबाणीचा मोड), त्यालाही कंपनीचं अधिकृत खातं लागतं, ते तुमच्या माझ्याकडे नसतं. माझा एक फोन असा ड्रॉवरमध्ये आहे, पेपरवेट म्हणून उत्तम.

नुसतं बघायचंच असेल तर अँड्रॉइड ११ पासून काही फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शनमध्ये डीएसयू लोडर आहे. नवी सिस्टीम बाजूला तात्पुरती उतरते, तिचा डेटाही वेगळा, मूळ सिस्टीमला हात लागत नाही, रीबूट केला की आपलं जुनंच घर. मला हा प्रकार फार आवडतो. पाहुण्यासारखं जायचं, चहा घ्यायचा, यायचं.

वडापाव_ओव्हरक्लॉक
माझ्याकडे मियू मिनी प्लस आहे गेम खेळायला, त्यात सगळं एसडी कार्डावरच असतं. आलेलं कार्ड पाकिटात ठेवून दिलं, नवीन कार्डावर ओनियन (बाहेरची सिस्टीम) टाकलं, बिघडलं की जुनं कार्ड लावतो. फोनवाल्यांनी एवढं डोकं का लावलंय कळत नाही.

जुना_ट्रान्झिस्टर
वडापाव पहिल्यांदा कामाचं बोलला. मूळ कार्डाला हात लावायचाच नाही, याच्याइतका चांगला बॅकअप नाही.

पूर्वी फोनही असे होते रे. माझ्याकडे नोकिया एन९०० होता, २००९ चा, मीमो ५ वाला, सरकता कीबोर्ड. त्यात मी काय काय टाकलं आणि कितीदा मारला त्याची गणतीच नाही. यू चं बटण दाबून धरायचं, यूएसबी लावायची, कंपनीचाच फ्लॅशर लॅपटॉपवर चालवायचा, पंधरा मिनिटांत फोन नवाकोरा. तेव्हा मी घाटकोपरला राहायचो, बायको म्हणायची तुझा फोन दर रविवारी आंघोळ करतो. आता कुलपावर कुलपं. असो, म्हातारा झालो.

(सात दिवसांनी)

खोली_नं_१४
झाला अनलॉक! चालू होताना आता अनलॉक्ड लिहून येतं. टीडब्ल्यूआरपी बूट केली, बॅकअपमध्ये ईएफएसला (आयएमईआयवाल्या पार्टिशनांचा पर्याय) टिक मारून बॅकअप घेतला, मग टीडब्ल्यूआरपी फ्लॅश केली, लिनिएजची झिप टाकली, वाइप केलं, रीबूट. आता ४० मिनिटं झाली, तो गोल अर्धचंद्रासारखा लोगो नुसता इकडून तिकडे फिरतोय. थांबू का?

डबल_फास्ट_डोंबिवली
४० मिनिटं म्हणजे गाडी यार्डात गेली, पहिल्या बूटला दहा एक मिनिटं फार झाली

सीएसएमटी_शेवटची
वाइप केलंस की फॉरमॅट डेटा केलंस? दोन्ही वेगळं आहे. साधं वाइप मूळ रॉमचं एन्क्रिप्शन (डेटाचं कुलूप) ठेवून देतं, नव्या रॉमला ते उघडता येत नाही म्हणून तो लोगोवर फिरत बसतो. फॉरमॅट डेटामध्ये जायचं, ते तुला यस टाइप करायला लावतं, ते कर. काही मेलेलं नाहीये.

जुना_ट्रान्झिस्टर
थांब थांब. यस टाइप करायच्या आधी एक सांग, ईएफएसचा बॅकअप कुठे ठेवलायस? कार्डावर की फोनच्या स्टोरेजमध्ये? फॉरमॅट डेटा इंटर्नल स्टोरेजही साफ करतं, टीडब्ल्यूआरपीचं बॅकअपचं फोल्डर त्यातच असतं.

जुना_ट्रान्झिस्टर
अरे आहेस का?

(दुसऱ्या दिवशी)

खोली_नं_१४
आहे. सगळं सांगतो, शिव्या शेवटी द्या.

काल तुमचे रिप्लाय यायच्या आधीच मला घाम फुटला आणि ठरवलं की मूळ रॉमवर परत जातो. मीफ्लॅशची भीती बसली होती ते लॉकचं वाचून, म्हणून एका व्हिडिओत बघून हाताने एकेक कमांड टाकत होतो, त्यात प्रत्येक पार्टिशनला आधी इरेज मग फ्लॅश असं होतं. स्क्रीनवर तो फास्टबूटचा टोपीवाला ससा अँड्रॉइडची दुरुस्ती करत बसलेला. आमची खोली दहा बाय बारा, लॅपटॉप ओट्याच्या बाजूच्या टेबलावर, आई कुकर उतरवायला वळली आणि टेबलाला तिचा धक्का लागला, केबल आधीच सैल होती ती निघाली. लॅपटॉपवर फेल्ड. परत लावली तर लॅपटॉपला फोन दिसेचना, केबल काढून घालून पाहिली. रात्रीचा एक वाजला होता, बाबा कूस बदलत होते लाइटमुळे. मग हे सीएसएमटीचं फॉरमॅट डेटा वाचलं, टीडब्ल्यूआरपीत गेलो, यस टाइप केलं, रीबूट मारलं आणि लिनिएज चालू झालं!!! एवढं मस्त वाटलं, एकदम सुसाट फोन. जुना ट्रान्झिस्टर काकांचा मेसेज सकाळी वाचला.

सकाळी सिम घातलं. नेटवर्क नाही. *#०६# केलं तर आयएमईआयच नाही, कोरं. बॅकअप फोनमध्येच होता, कार्ड नव्हतं माझ्याकडे, म्हणजे यसबरोबर तोही गेला.

कॉलेजवरून येताना लॅमिंग्टन रोडला उतरलो, एका दुकानात दाखवला. तो म्हणाला आयएमईआय उडाला, हजार रुपयात मारून देतो, कुठलाही चालेल ना. मी म्हटलं घरी विचारून येतो. द्यायचे का हजार?

वडापाव_ओव्हरक्लॉक
कुठलाही चालेल ना 💀 म्हणजे वरळीच्या माणसाला विरारचा पिनकोड

जुना_ट्रान्झिस्टर
शिव्या नाहीत. पण त्या दुकानात परत जायचं नाही, हे पहिलं. दुसऱ्या फोनचा नंबर यात लिहिणं हा गुन्हा आहे, २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन अ‍ॅक्टमध्ये टेलिकॉम ओळख क्रमांकात छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि समजा तो नंबर चोरीच्या फोनचा निघाला तर पोलीस कोणाच्या दारात येतील? आईच्या रेडिओच्या.

आता डोकं शांत ठेव आणि काहीही फ्लॅश करू नकोस, इरेज तर नाहीच. मला दोन गोष्टी हव्यात. एक, सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन बेसबँड व्हर्जनसमोर काय लिहिलंय. दोन, काल रात्रीची ती कमांडची काळी खिडकी अजून उघडी आहे का? असेल तर केबल निघाली त्याच्या आधीच्या चार ओळी टाइप कर इथे.

डबल_फास्ट_डोंबिवली
मी म्हणतो मोडेमएसटी दोन्ही इरेज करून बघ, एफएसजीमधून आपोआप भरतं, माझ्या जुन्या फोनला चाललं होतं

जुना_ट्रान्झिस्टर
डोंबिवली, तू म्हणतोस ते तत्त्वाने खरं आहे, मोडेमएसटी चालू वह्या आणि एफएसजी मूळ प्रत. पण मूळ प्रत शाबूत आहे की नाही हे माहीत नसताना चालू वह्या फाडायच्या नाहीत. आणि रोग तोच आहे का हेच अजून ठरलेलं नाही. थांबा सगळे.

खोली_नं_१४
बेसबँड: अननोन.

खिडकी उघडी आहे, लॅपटॉप नुसता बंद करून झोपलो होतो. शेवटचं असं आहे:
इरेजिंग मोडेम... ओके
सेंडिंग मोडेम... फेल्ड

त्याच्या आधी स्प्लॅश वगैरे आहे, ते सगळं ओके.

जुना_ट्रान्झिस्टर
😀😀 अरे मग आईला चहा कर.

नीट वाच काय झालंय. तू इरेज केलंस मोडेम. मोडेमएसटी१ नाही, नुसतं मोडेम. मोडेम म्हणजे रेडिओच्या चिपचं फर्मवेअर, जे सगळ्या मिडो फोनमध्ये सारखं असतं, नेटवरचा माल. ते पुसलं गेलं आणि नवीन जायच्या आत कुकर उतरला. लिनिएजच्या झिपमध्ये मोडेम नसतो, म्हणून वरचं सगळं चकाचक चालू झालं आणि रेडिओच्या चिपला चालवायला काही नाही. चिपच चालू नाही तर ती आयएमईआय वाचून सांगणार कोण? पेटीत दागिने आहेत, चावीवाला माणूस घरात नाही, एवढंच. बेसबँड अननोन आणि आयएमईआय कोरा असं दोन्ही एकदम दिसलं की पहिला संशय मोडेमवर घ्यायचा. बेसबँड नीट दिसतंय आणि आयएमईआय शून्य आहे, तर मात्र पेटीलाच धक्का लागलेला असू शकतो.

बॅकअप गेला ते वाईट, पण मूळ माल फोनमध्येच बसून असणार, त्याला कोणी हात लावलेला नाही. कमांडमध्ये पुढे एसटी१ लागलं असतं तर आज हा रिप्लाय वेगळा असता.

आता असं कर. मूळ फास्टबूट रॉम उघड, इमेजेस नावाचं फोल्डर, त्यात नॉन-एचएलओएस डॉट बिन नावाची फाइल असेल. दुसरी केबल घे, कोणाची तरी मागून आण. लॅपटॉप चार्जिंगला लावून. व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर, ससा आला की फास्टबूट डिव्हाइसेस टाकून आधी नंबर दिसतोय का बघ. मग फास्टबूट फ्लॅश मोडेम, पुढे ती फाइल. इरेज वगैरे काही नाही, फ्लॅश स्वतःच जुनं पुसून लिहितो. मग फास्टबूट रीबूट. बस.

माहीमची_मासोळी
आणि टेबल ओट्यापासून लांब 🙏

खोली_नं_१४
काका पण लॅपटॉपला फोन दिसतच नाही म्हटलं ना, ते? म्हणजे यूएसबी पोर्ट गेला का?

जुना_ट्रान्झिस्टर
ससा दिसतोय ना? ससा दिसतोय तोवर फोन जिवंत आहे, बूटलोडर चालतोय. नुसती चार्जिंगची केबल असते ना काही, डेटाच्या तारा नसलेल्या किंवा तुटलेल्या, तसलं काहीतरी. केबल बदल, लॅपटॉपचा दुसरा पोर्ट घे, हबमधून लावू नकोस.

अगदी ससाही गेला असता तरी संपलं नसतं. क्वालकॉमच्या चिपमध्ये सगळ्यात पहिला कोड कारखान्यातच कोरलेला असतो, तो पुसताच येत नाही. बाकी सगळं मेलं की फोन काळ्या स्क्रीनने लॅपटॉपला ९००८ म्हणून दिसतो, तोच ईडीएल मोड, तिथून उठवता येतो. तुझ्या फोनला त्यासाठी मागचं झाकण काढून दोन ठिपके जोडावे लागतात. ते तुला आज लागणार नाही, पण माहीत असलं की हात कमी थरथरतात.

खोली_नं_१४
शेजारच्या वहिनींकडून केबल आणली. फास्टबूट डिव्हाइसेस: दिसला. कमांड टाकली, सेंडिंग ओके, रायटिंग ओके. रीबूट केला.

आई बाबा दोघं मागे उभे होते, बाबा चष्मा लावून.

बेसबँडसमोर लांबलचक नंबर आला. *#०६# केलं, दोन आयएमईआय. बाबांनी माळ्यावरून बॉक्स काढून आणला, स्टिकरवरचे पंधरा पंधरा आकडे मोठ्याने वाचत होते आणि मी फोनवर जुळवत होतो, दोन्ही जुळले. मग सिम घातलं, दांड्या आल्या. बाबा फक्त एवढंच म्हणाले, बघ बॉक्स ठेवतो ते.

सगळ्यांचे खूप आभार. काका तुमचे तर काय.

सीएसएमटी_शेवटची
एक नंबर!! आणि सॉरी रे, मी फॉरमॅट सांगितलं पण बॅकअप काढ आधी हे नाही सांगितलं.

वडापाव_ओव्हरक्लॉक
हजार रुपये वाचले, त्यात किती वडापाव होतात हिशोब करून सांगतो

माहीमची_मासोळी
बाबांच्या बॉक्सला माझ्याकडून नमस्कार. माझे सगळे बॉक्स रद्दीत गेलेत.

खोली_नं_१४
अपडेट. फोन आता ओट्याच्या वर खिळ्याला स्टँड अडकवून लावलाय, सकाळी सहाला अस्मिता वाहिनी लागते. स्क्रीनवर फक्त तीन आयकॉन ठेवलेत, रेडिओ, गाणी आणि टॉर्च. चार्जर दिवसभर लावून नाही ठेवत, रात्री काढतो. आई काल विचारत होती माझ्या चालू फोनमध्येपण हे टाकशील का, तो हल्ली फार स्लो झालाय.

जुना_ट्रान्झिस्टर
नाही.

जुना_ट्रान्झिस्टर
म्हणजे आईंना माझा नमस्कार सांग, पण नाही. त्यात यूपीआय आहे ना? फालतू अ‍ॅप्स काढ, स्टोरेज रिकामं कर, तेवढ्याने पळेल.

आणि मुख्य काम राहिलंय ते केलंस का? आता फोन नीट आहे, नेटवर्क आहे, आयएमईआय जुळलाय, म्हणजे आत्ताचा बॅकअप हा खरा बॅकअप. टीडब्ल्यूआरपीत ईएफएस आणि पर्सिस्ट. पर्सिस्टची टिक नसेल तर डीडीने (जशीच्या तशी कॉपी करायची कमांड) घे, चारही पार्टिशनं, फाइलींना नावं नीट दे नाहीतर सहा महिन्यांनी कुठली काय कळणार नाही. तारीख पण घाल नावात.

खोली_नं_१४
केलं केलं. चारही घेतले, एडीबी पुलने (फोनमधून फाइल ओढायची कमांड) लॅपटॉपवर काढले, आकार शून्य नाही ना ते पण बघितलं. नावात मिडो आणि तारीख.

जुना_ट्रान्झिस्टर
शाब्बास. नुसत्या लॅपटॉपवर?

खोली_नं_१४
नाही नाही, ताईच्या पेनड्राइव्हमध्ये पण कॉपी केलेत.

जुना_ट्रान्झिस्टर
आणि पेनड्राइव्ह कुठे आहे?

खोली_नं_१४
ताईच्या बॅगेत. ती आत्ता दादरवरून विरार फास्टला चढली.